पाटीआधी पंगत

शिरूरच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत कर्नल वॉलेस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची कबर आहे. तो १८०९ साली वारला. पेशव्यांच्या संरक्षणासाठी म्हणून ठेवलेली, प्रत्यक्षात पेशव्यांवरच नजर ठेवणारी इंग्रजांची तैनाती फौज तेव्हा शिरूरला, म्हणजे जुन्या माणसांच्या बोलण्यातल्या घोडनदीला, तळ देऊन होती आणि वॉलेस त्या फौजेतला बडा अंमलदार होता. साहेब गेला आणि आसपासच्या गावांनी त्याला 'सत्पुरुष' करून टाकले. सुगी आटोपली की नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या कबरीवर येई, असे इंग्रजी अमदानीतल्या लेखकांनी थोड्या अचंब्याने नोंदवून ठेवले आहे. अचंबा साहेबांना वाटला. आपल्याकडे थोरवी कळली की आधी नैवेद्य दाखवतात, नाव-गाव मग विचारतात.

वॉलेसने शाळा काढली नाही. तरी वसाहतकाळातल्या शाळांवरची ही प्रस्तावना त्याच्या कबरीपासून सुरू करण्याला कारण आहे. बाहेरून आलेली गोष्ट गाव जशीच्या तशी घेत नाही आणि सरळ नाकारतही नाही. आपल्या रीतीत ती कुठे बसते, हे आधी पाहते. शाळाही अशीच बाहेरून आली. गावाने, पेठेने, जातीने, कुटुंबाने तिला पहिला प्रश्न विचारला तो 'काय शिकवणार?' हा नव्हता. 'कोणाशेजारी बसवणार, पाणी कोणाच्या हातचे, आणि मुक्कामी राहायचे तर स्वयंपाक कोणाचा?' हा होता. या विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्या वाचकाला माझे पहिले सांगणे हेच आहे की शाळेचा इतिहास फळ्यापासून वाचू नका, चुलीपासून वाचा. पाटी नंतर येते, आधी पंगत बसते.

आपल्या शिक्षणाच्या इतिहासाची नेहमीची वाट सगळ्यांना पाठ आहे. एल्फिन्स्टन, १८२१ ची विश्रामबागवाड्यातली संस्कृत पाठशाळा, १८४८ ची फुल्यांची मुलींची शाळा, १८५४ चा वुडचा खलिता, १८८२ चे हंटर कमिशन. वाट खरी आहे, पण ती पुणे-मुंबईच्या रस्त्यावरची आहे. शिरूर आणि दौंड हे दोन तालुके या कथेत बहुधा एखाद्या तळटीपेत सापडतात. आणि तरीही वसाहत या शब्दाचे बहुतेक अर्थ या टापूत एका दिवसाच्या प्रवासात पाहायला मिळतात. शिरूर ही लष्करी छावणीपाशी वाढलेली पेठ. दौंड हे रेल्वेचे जंक्शन. आणि दौंड तालुक्यातलेच केडगाव ही दुष्काळातून उठवून आणलेल्या मुली-बायकांची वसाहत. तिन्ही ठिकाणी माणसे आपल्या मूळ गावापासून, वाड्यापासून, गावकीपासून सुटून आलेली. जिथे गावकी नाही तिथे पंगत नव्याने मांडावी लागते, आणि ती मांडण्याचे काम फार वेळा शाळेवर पडले.

वसाहतीच्या आधी इथे शाळा नव्हत्या असे नाही. पंतोजी होते, धुळाक्षरे होती, पावकी-निमकीचे पाढे होते, मोडीचे वळण होते. देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्याच्या पडवीत ही शाळा भरे आणि तिला येणारी पोरे बहुतेक ब्राह्मण, वाणी, सोनार अशा लिहिण्या-मोजण्यावर पोट असलेल्या घरांतली. बाकीच्यांचे शिक्षण कानाने होई. हरिपाठ, भारूड, कीर्तन, पोथी. तुकोबांची पालखी दौंड तालुक्यातल्या यवत-वरवंडवरून जाते. त्या वाटेवरच्या निरक्षर म्हातारीला शेकडो अभंग तोंडपाठ असत. तिला अशिक्षित म्हणायचे की नाही, हा प्रश्न या अभ्यासात शेवटपर्यंत सुटत नाही आणि तो सुटू नये असेच मला वाटते. पुढे १९१७ मध्ये जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली तेव्हा या कानाच्या शिक्षणाला वर्ग, गुरुजी आणि मुक्काम मिळाला.

आता शिरूर. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी इथूनच पुण्याकडे निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला भीमेकाठी तिची पेशव्यांच्या फौजेशी गाठ पडली. त्या तुकडीत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. ही लढाई आज कोणत्या अर्थाने आठवली जाते ते सर्वांना ठाऊक आहे. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर तिथल्या विजयस्तंभापाशी गेले, त्यानंतर ती आठवण वेगळ्याच तेजाने उभी राहिली. पण शिक्षणाच्या अंगाने पाहणाऱ्याने लढाईपेक्षा छावणीकडे बघावे. कंपनीच्या पलटणींत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकवण्याची सोय असे. गावच्या पंतोजीच्या ओवरीत ज्याला पायरी चढता येत नव्हती, त्याचा मुलगा पलटणीच्या शाळेत अक्षरे गिरवत होता. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत हेडमास्तर होते. त्यांच्या मुलाच्या, म्हणजे डॉ. आंबेडकरांच्या, विद्वत्तेची सुरुवात कुठे शोधायची ते यावरून कळते. १८९० च्या दशकात सरकारने महारांची लष्करभरती थांबवली तेव्हा नुसती नोकरी गेली नाही, एक शाळाही गेली. भरती पुन्हा सुरू करा म्हणून गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी जे अर्ज केले, ते शाळेसाठीचे अर्ज म्हणूनही वाचता येतात.

छावणीपाठोपाठ मिशन आले. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ मध्ये मुंबईला उतरले, १८३१ मध्ये नगरला ठाण मांडून बसले आणि १८४१ मध्ये त्यांनी शिरूरला ठाणे केले. नगर-पुणे रस्त्यावरचे मधले गाव, बाजारपेठ, शिवाय लष्कर. ठाण्याला जागा सोयीचीच होती. पुढच्याच वर्षी, जून १८४२ मध्ये, याच मिशनचा 'ज्ञानोदय' नगरहून निघू लागला.

हे मिशनरी कुठून आले होते हे लक्षात ठेवले की त्यांच्या शाळांचा हट्ट समजतो. त्यांची परंपरा अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडची. तिथे मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६४७ मध्येच कायदा केला होता की ज्या गावात पन्नास घरे झाली त्याने वाचन-लेखन शिकवणारा शिक्षक नेमावा, शंभर घरे झाली तर वरची शाळा काढावी. कारण काय, तर माणसाला शास्त्र स्वतः वाचता आले नाही की सैतान त्याला फसवतो. म्हणजे शाळा ही धर्माची गरज. पण तिथे आणि इथे मोठा फरक होता. न्यू इंग्लंडची ती गावे एका पंथाची होती. आधी मंडळी एकत्र बसत होती, मग शाळा आली. शिरूरला एकत्र बसणारी मंडळीच नव्हती. तिथे शाळा काढूनच पंगत तयार करायची होती.

म्हणून मिशनच्या शाळेतले खरे भांडण बायबलवरून कमी आणि बसण्यावरून जास्त झाले. बायबलचे धडे पाठ करून बक्षीस घेणारी आणि घरी येऊन मारुतीला नमस्कार करणारी मुले पालकांना चालत. धडा पाठ केल्याने बाटत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. महाराच्या मुलाच्या मांडीला मांडी लागणे हे मात्र चालत नव्हते. नगर आणि शिरूरच्या अमेरिकनांनी या बाबतीत बहुधा ताठर भूमिका घेतली आणि त्याचा परिणाम दोन्हीकडे दिसला. वरच्या जातींची मुले गळाली आणि महार-मांग मुलांना शाळा मिळाली. पुढे सरकारी शाळांची सोय झाल्यावर ही विभागणी आणखी घट्ट झाली. मिशनची शाळा म्हणजे 'त्यांची' शाळा, असे गाव म्हणू लागले. यातला 'त्यांची' हा शब्द धर्माबद्दल आहे की जातीबद्दल, हे त्या काळच्या बोलण्यात वेगळे काढता येत नाही.

शिरूरच्या मिशनशी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रिचर्ड विन्सर यांचे नाव जोडलेले आहे. त्यांच्या काळात इथे पुस्तकांच्या जोडीला हातकाम आले. सुतारकाम आणि घायपाताचा वाख काढणे. शिरूरचा माळ ज्याने उन्हाळ्यात पाहिला असेल त्याला घायपात का, हे विचारावे लागणार नाही. बांधावर पाण्याशिवाय वाढणारी ती एकच गोष्ट. पण वाख काढून दोर वळणे हा परंपरेने मांगांचा धंदा. तो शाळेत 'उद्योगशिक्षण' म्हणून आला तेव्हा काय झाले? जातीचा धंदा शाळेने पुसला, की त्याला नवे नाव देऊन पक्का केला? मला वाटते दोन्ही झाले, आणि कोणत्या मुलाच्या बाबतीत काय झाले हे एकेक आयुष्य तपासूनच ठरवावे लागेल. गांधीजींच्या मूलोद्योग शिक्षणावर हिरिरीने लिहिणाऱ्यांनी शिरूरच्या वाखाकडे एकदा बघायला हवे.

सरकारी शाळेची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती इतरत्र मुबलक मिळते. १८५६ मध्ये धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. प्रकरण थेट विलायतेपर्यंत गेले आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या, असे धोरण कागदावर ठरले. १८६० च्या दशकात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाला जाऊ लागला. शेतकरी आता शाळेसाठी कर भरत होता, पण त्याचा मुलगा शाळेत होता की नाही? हंटर कमिशनपुढे १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी नेमका हाच हिशेब मांडला. आणि कागदावर खुल्या असलेल्या शाळेत महार मुलगा बहुधा व्हरांड्यात बसे. ४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात जो ठराव मंजूर करून घेतला त्याची यादी पाहा. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, आणि त्यांच्याच ओळीत सार्वजनिक शाळा. विहीर आणि शाळा एकाच वाक्यात. बोल्यांना ठाऊक होते की या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. जोतीरावांनी तर आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना १८६८ मध्येच खुला केला होता, मुलींची पहिली शाळा काढून वीस वर्षे झाल्यावर. मला नेहमी वाटत आले आहे की त्यांच्या दृष्टीने हौद हा शाळेचाच पुढचा वर्ग होता.

शाळा हवीशी वाटायला या टापूत आणखी एक कारण घडले आणि ते धर्माचे नव्हते, कर्जाचे होते. १२ मे १८७५ ला तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. दंगा भीमथडी, शिरूर आणि नगरकडच्या अनेक गावांत पसरला. दंगेखोरांनी माणसे फारशी मारली नाहीत, त्यांनी खतपत्रे जाळली. ज्या कागदावर आपण अंगठा दिला तो वाचता येत नाही, पण जाळता येतो. सावकारांत मारवाडी आणि गुजर जास्त होते आणि त्यांच्या मुलांना हिशेब-मोडी घरच्या पेढीवरच शिकवले जाई. म्हणजे साक्षरता ही इथे एका समाजाची मालमत्ता होती आणि दुसऱ्या समाजाच्या गळ्यातला फास. दंग्यानंतर १८७९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा आला, दस्त सरकारी अंमलदारासमोर करावे लागू लागले. कुणबी घरातला एखादा तरी पोरगा 'कागद वाचणारा' हवा, ही भावना यानंतर वाढली असावी, असा माझा अंदाज आहे. त्या मारवाडी-जैन समाजाचेही पुढे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. शिरूरच्या कॉलेजाला आज चांदमल ताराचंद बोरा यांचे नाव आहे. पेढीवरचे खासगी शिक्षण ते गावाच्या कॉलेजला देणगी, हा प्रवास ज्याला लिहायचा आहे त्याला शिरूरच्या जैन स्थानकापासून सुरुवात करता येईल. तिथेही चातुर्मासात मुलांना धर्माची पुस्तके शिकवतात, परीक्षा होतात, बक्षिसे मिळतात. पाथर्डीच्या स्थानकवासी परीक्षा बोर्डाने या शिकवण्याला अभ्यासक्रमाची शिस्त लावली आहे.

दौंडकडे वळू. पुण्याहून पुढे गेलेला लोहमार्ग १८५८ च्या अखेरीस दौंडवरून दिकसळपर्यंत पोचला. वीस वर्षांनी, १८७८ मध्ये, दौंड-मनमाड फाटा सुरू झाला आणि भीमाकाठचे हे गाव जंक्शन झाले. जंक्शनमध्ये माणसे कामाच्या हुद्द्याने राहतात. ड्रायव्हर, गार्ड, फिटर, खलाशी, हमाल. पण कंपनीच्या राज्यात हुद्दा आणि वंश यांची जोडी जुळलेली होती. मेल गाडीचा ड्रायव्हर बहुधा युरोपियन किंवा अँग्लो-इंडियन, त्याच्या हाताखाली कोळसा टाकणारा इथला. क्वार्टरे तशी, इन्स्टिट्यूट तशी, आणि शाळाही तशीच. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने लोणावळा, इगतपुरी, भुसावळसारख्या ठाण्यांवर युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी शाळा चालवल्या. १८५७ नंतर सरकारलाही या मुलांची काळजी लागली होती. गोऱ्या रंगाचा पण गरीब, अडाणी माणूस रस्त्यावर दिसणे राज्याच्या इभ्रतीला बरे नव्हते. पुढच्या शिक्षणाला मुले पुण्याच्या बिशप्स किंवा सेंट व्हिन्सेंट्सला, १९२५ नंतर देवळालीच्या बार्न्स स्कूलला जात. प्रोटेस्टंट असेल तर एकीकडे, कॅथलिक असेल तर दुसरीकडे. फलाटावर सगळे एका गाडीची वाट पाहत, मुलांचे डबे मात्र वेगवेगळ्या दिशांनी जात. फलाटावरचे पाणीही 'हिंदू पाणी', 'मुसलमान पाणी' असे वेगळे होते, हे जुन्या प्रवाशांच्या आठवणींत सापडते. शाळेत आणि स्टेशनात एकच पंगत-शास्त्र चालू होते, फक्त स्टेशनवर त्याची पाटी लावलेली असे.

याच दौंडला दुष्काळात निराधार झालेल्या मुलांसाठी अल्बर्ट नॉर्टन या अमेरिकन मिशनऱ्याने मुलांचे ख्रिस्ती वसतिगृह चालवले. मुलगे दौंडला आणि मुली काही स्टेशने अलीकडे केडगावला, असे ते चित्र होते. आणि केडगाव म्हटले की पंडिता रमाबाईंपाशी थांबावे लागते.

पंडिता रमाबाईंचे स्वतःचे शिक्षण कुठल्याच इमारतीत झाले नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई लक्ष्मीबाई तीर्थांवरून तीर्थांवर पायी हिंडत पुराण सांगत आणि वाटेत आई मुलीला संस्कृत शिकवी. १८७४ च्या सुमारास उपासमारीने आईवडील गेले. म्हणजे जिला शाळा धर्माने दिली, तिचे घर दुष्काळाने नेले. ही बाई पुढे दुष्काळातल्या मुलींसाठी शाळा काढते, तेव्हा तो नुसता परोपकार नसतो.

११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीवर त्यांनी शारदासदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणले. तोवर त्या ख्रिस्ती झाल्या होत्या, पण सदनाचा करार स्पष्ट होता. धर्मशिक्षण नाही, विधवा मुलींनी आपापले सोवळे पाळावे, स्वयंपाक ब्राह्मणी. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळावर होते ते या चुलीच्या भरवशावर. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी विवाह झालेल्या गोदूबाई याच सदनात शिकल्या. त्यांचे 'माझे पुराण' हे आत्मचरित्र या विषयाच्या अभ्यासकाने जवळ ठेवावे. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तसे १८९३ मध्ये वादळ उठले. सल्लागार बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. वाद धर्मांतराचा होता हे खरेच. पण त्या काळचे वृत्तपत्री लेखन वाचताना माझ्या लक्षात येते की लोकांच्या मनात धर्मांतराचे चित्र बाप्तिस्म्याच्या पाण्याने उभे राहत नव्हते, जेवणाच्या पानाने उभे राहत होते. स्वतः रमाबाईंनी इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्यावरही शाकाहार सोडला नव्हता आणि त्यावरून त्यांचा आपल्या धर्ममातेशी, सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी, खटका उडे. देव बदलला तरी ताट बदलायला त्यांनी नकार दिला. हे ज्याला समजले त्याला शारदासदनाचे स्वयंपाकघर समजेल.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि मुलींना घेऊन परत आल्या. पुण्यात प्लेगची धास्ती, त्यामुळे इतक्या मुलींना शहरात ठेवायला अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. केडगावला स्टेशनजवळ घेतलेली शेतजमीन होती. तिथे झोपड्या पडल्या आणि 'मुक्ती' ही संस्था उभी राहिली. मुक्तीची वसाहत ठरवून वसलेली नाही, प्लेगच्या नियमांनी शहराबाहेर काढलेल्या मुलींनी ती वसवली. १९०० च्या सुमारास गुजरातचा दुष्काळ आला आणि संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. दोन हजार तोंडे. इथे 'ब्राह्मणी स्वयंपाक' ही गोष्टच उरत नाही. एवढ्या मोठ्या रांधणीत कोणाची जात कोणी विचारायची?

शारदासदन आणि मुक्ती यांच्यातला फरक सांगताना लिहिणारे सहसा म्हणतात की आधीची संस्था सुधारकी आणि नंतरची धार्मिक. मला हा फरक अपुरा वाटतो. शारदासदनात उच्चवर्णीय विधवेला तिच्या जातीत ठेवून शिकवायचे होते, म्हणून चूल वेगळी आणि देव गप्प. मुक्तीत जातीच उरल्या नव्हत्या, म्हणून एका नव्या समाजाची गरज होती आणि तो ख्रिस्ती मंडळीने पुरवला. मुलींना दळण, विणकाम, शेती, दूध, तेलघाणा, छापखाना असे विभाग लावून दिले होते. अंध मुलींसाठी बर्तिमी सदन होते आणि रमाबाईंची कन्या मनोरमा यांनी तिथे ब्रेल आणले. कृपासदन, प्रीतिसदन, अशी एकेका दुःखाला एकेक घर देणारी रचना. अमेरिकेत असताना रमाबाईंनी फ्रोबेलची बालोद्यान पद्धत अभ्यासली होती, तिचाही इथे उपयोग झाला. गोव्यातल्या पॅरिश शाळांत अक्षरांबरोबर चर्चचे गाणे शिकवत आणि त्यातून पिढ्यान्‌पिढ्या वादक तयार झाले. मुक्तीत अक्षरांबरोबर खिळे जुळवणे शिकवले आणि त्यातून मुद्रक स्त्रिया तयार झाल्या. हिब्रू-ग्रीकवरून रमाबाईंनी केलेले संपूर्ण बायबलचे साधे मराठी भाषांतर याच छापखान्यात या बायकांनी छापले. ते १९२४ ला पूर्ण झाले तेव्हा रमाबाई जाऊन दोन वर्षे झाली होती. संस्कृतची ही पंडिता भाषांतरात संस्कृत शब्द टाळत गेली. ज्यांच्यासाठी लिहायचे त्या मुली समोर खिळे जुळवत बसल्या होत्या, त्यांना न कळणारा शब्द टिकणार कसा?

मुक्तीची दुसरी बाजूही पाहायला हवी. जून १९०५ मध्ये तिथे धर्मजागृतीची मोठी लाट आली. रडणे, प्रार्थना, रात्र-रात्र जागणे. जगभरच्या ख्रिस्ती नियतकालिकांनी तिची वर्णने छापली. भक्त वाचकाला तो पवित्र आत्म्याचा वर्षाव दिसतो. मला त्या वर्णनांत आणखी काही दिसते. दुष्काळात आई, बाप, भावंडे डोळ्यांदेखत मेलेल्या आणि त्याबद्दल कोणाशी बोलायला न मिळालेल्या मुलींचा तो आक्रोशही असेल. हे सिद्ध करता येणार नाही. पण या मुलींनी आपल्या शब्दांत लिहिलेले फार थोडे उरले आहे, आणि अशा ठिकाणी निष्कर्ष काढायची घाई करू नये. आणि हो, याच केडगावजवळ बेटावर नारायण महाराजांचे दत्तस्थान उभे राहिले. एकाच स्टेशनावर एका डब्यातून मुक्तीच्या पाहुण्या आणि दत्ताचे भक्त उतरत असतील. त्यांचे एकमेकांशी काय बोलणे होत असेल, याची मला फार उत्सुकता आहे.

दुष्काळी मुलांचा सांभाळ हे काम केवळ ख्रिस्ती मंडळींनी केले असे समजू नये. १८७६-७८ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडीला बालाश्रम चालवला होता. पुढे जातवार बोर्डिंगांचा काळ आला. शाहू महाराजांनी कोल्हापुरात वेगवेगळ्या जातींना वसतिगृहे दिली, कारण जेवणाची सोय झाल्याशिवाय खेड्यातला मुलगा शाळेत टिकत नाही आणि एका पंगतीला बसवले तर पालक पाठवत नाहीत. भाऊराव पाटलांनी तिढा उलटा सोडवला. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र रांधत आणि एकत्र जेवत. १९२७ मध्ये गांधीजीही तिथे येऊन गेले. शिरूर-दौंडच्या अनेक घरांत पहिला मॅट्रिक झालेला माणूस भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेच्या किंवा तिच्या वाटेने गेलेल्या एखाद्या संस्थेच्या वसतिगृहात राहिलेला आढळेल.

वसाहत या शब्दाचा एक कठोर अर्थ राहिला. 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवणारी सेटलमेंट. सोलापुरात तो शब्द अजून पत्त्यात वापरतात. तिथल्या सेटलमेंटचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. म्हणजे शिरूरला मुलांना बोलावणाऱ्या मिशनकडे सोलापुरात हजेरी घेण्याचे काम आले. मुलांना शाळा तिथे सक्तीची होती. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा गावागावांत रखडत असताना कुंपणाच्या आत तो पूर्ण अमलात होता, हा विरोधाभास विसरू नये. या सेटलमेंटांचे अधिकारी स्टार्ट हेच पुढे दलित व आदिवासींच्या स्थितीवरच्या समितीचे अध्यक्ष झाले. डॉ. आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते. तिचा १९३० चा अहवाल शाळेतल्या बसण्याच्या जागेबद्दल जे सांगतो, ते प्रत्येक शिक्षकाने वाचावे असे आहे.

नव्या अभ्यासकाला साधनांबद्दल थोडे. मिशनऱ्यांची पत्रे मुबलक आहेत आणि रसाळ आहेत, पण ती देणगीदारांना लिहिलेली आहेत. त्यात यश फुगते आणि गळती बारीक होते. १८८५ चे पुणे गॅझेटियर शाळांचे आकडे देते, मुलांचे चेहरे देत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' शिक्षणावरचे पुस्तक म्हणून कोणी वाचत नाही. वाचावे. सोवळे एकेक घोट पाण्याने कसे सुटत जाते, हे त्यांच्याइतके प्रामाणिकपणे कोणी सांगितलेले नाही.

आणि शाळेचे जनरल रजिस्टर. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात जिल्हा परिषदेच्या शाळांतली ही जुनी रजिस्टरे कपाटांतून बाहेर आली. काहींत मोडी, काहींत बाळबोध, पानांना वाळवी. लोक जातीचा रकाना पाहतात आणि पान उलटतात. अभ्यासकाने पुढचेही रकाने पाहावेत. शाळा सोडल्याची तारीख, आणि सोडण्याचे कारण. 'लग्न', 'गैरहजर', 'घरकाम', 'गाव सोडून गेला'. एकेका शब्दात एकेक घर आहे.

रजिस्टर बंद करून मग एखाद्या वयस्कर माणसाकडे जावे. 'तुमच्या शाळेत भेदभाव होता का?' असे विचारू नये. 'छे, आमच्याकडे तसलं काही नव्हतं' हेच उत्तर येते. 'मधल्या सुट्टीत पाणी कुठं प्यायचात?' असे विचारावे. मग माणूस उठून उभा राहतो आणि हाताने दाखवू लागतो. इथे रांजण होता, त्यावर मास्तरांनी ठेवलेला ओगराळा. आम्ही या बाजूने यायचो. आणि ती पोरं, तिकडे, त्या लिंबाखाली ओंजळ धरून उभी राहायची.